फेको, मोतीबिंदू आणि व्युत्पत्तीची मर्यादा

‘फेको’ हा ‘फेकोइमल्सिफिकेशन’ या लांबलचक शब्दाचा पुढचा तुकडा. मराठी घरांत तो आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे नाव म्हणून सर्रास वापरला जातो. कानाला काहीही वाटो, ‘फेकणे’ या क्रियापदाशी त्याचा संबंध नाही. न्यूयॉर्कचे नेत्रशल्यचिकित्सक चार्ल्स केलमन यांनी मोतीबिंदू काढण्याच्या आपल्या नव्या पद्धतीचा प्राथमिक अहवाल १९६७ साली प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच हा शब्द होता. दातांवरचे कीटण काढायला दंतवैद्य अल्ट्रासाउंडचे हत्यार वापरतात, ते पाहून केलमन यांना ही कल्पना सुचली. शब्दाचे दोन्ही अवयव मात्र फार जुने आहेत. ग्रीक ‘फाकोस’ म्हणजे मसूर. ‘इमल्सिफिकेशन’च्या मुळाशी लॅटिन ‘एमुल्गेरे’ आहे, म्हणजे पिळून दूध काढणे. शब्दशः अर्थ लावायचा तर या ऑपरेशनात मसुराचे दूध काढले जाते.

अशी फोड वाचून गंमत वाटते आणि बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. व्युत्पत्ती हा ज्ञानाला लावलेला शोभेचा काठ आहे, अशी एक समजूत आहे. दुसरी समजूत अधिक गंभीर दिसते, पण तितकीच उथळ आहे: शब्दाच्या मुळात त्या वस्तूचे खरे स्वरूप दडलेले असते, म्हणून जुने नाव सापडले की जुने ज्ञान सापडले. डोळ्याच्या शस्त्रक्रियेतल्या नावांवर दोन्ही समजुती टिकत नाहीत. व्युत्पत्ती रोगाबद्दल काही सांगत नाही. नाव देणारा त्या क्षणी कशाकडे बघत होता, एवढेच ती सांगते. तो वस्तूच्या आकाराकडे बघत असेल, आपल्या हाताकडे बघत असेल किंवा मनातल्या उपपत्तीकडे. या तीन प्रकारच्या नावांची आयुष्ये वेगवेगळी असतात, आणि ती एकमेकांत मिसळली की वैद्यकाच्या इतिहासाबद्दल आणि क्वचित रुग्णाच्या डोळ्याबद्दलही चुकीचे निर्णय होतात.

१. मसूर: आकारावरून आलेले नाव

डोळ्यातल्या पारदर्शक, दोन्ही बाजूंनी फुगीर भागाला मसुराची उपमा पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ग्रीक वैद्यकातच मिळते. इफेससचा रूफस त्याला ‘मसुरासारखा’ म्हणतो आणि बर्फासारखा स्वच्छ म्हणून ‘क्रिस्टल’वरून आलेले नावही नोंदवतो. लॅटिनमध्ये मसूर म्हणजे ‘लेन्स’, आणि फुगीर काचेच्या चकतीला तेच नाव मिळाले. जर्मन ‘लिन्झे’ आणि अरबी ‘अदसा’ या शब्दांतही डाळ आणि भिंग शेजारीशेजारी नांदतात. मराठीने मात्र मसूर घेतला नाही. ‘भिंग’ हा शब्द काचेवरून डोळ्यात शिरला.

इथे एक योगायोग समोर येतो आणि त्यावरून बरेच काही सिद्ध करण्याचा मोह होतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘दृष्टी’ या अवयवाचे माप सांगताना ‘मसूरदल’ हाच शब्द येतो. ग्रीकांचा मसूर आणि सुश्रुताचा मसूर एकत्र ठेवून निष्कर्ष काढला जातो की प्राचीन भारतीय शल्यतज्ज्ञांना नेत्रभिंगाची रचना ठाऊक होती. काही उत्साही मंडळी याच्याही पुढे जाऊन कोणी कोणाकडून उचलले याचा वाद घालतात.

मजकूर मापांसकट वाचला तर हा निष्कर्ष गळून पडतो. त्याच उत्तरतंत्रात आणखी एक प्रमाण दिले आहे: डोळ्याच्या लांबीचा तिसरा भाग म्हणजे कृष्णमंडल आणि कृष्णमंडलाचा सातवा भाग म्हणजे दृष्टी. बुबुळाचा काळा भाग साधारण साडेअकरा-बारा मिलिमीटर रुंद असतो. त्याचा सातवा भाग दोन मिलिमीटरही भरत नाही. नेत्रभिंगाची रुंदी नऊ-दहा मिलिमीटर असते, त्यामुळे ते या मापात बसूच शकत नाही. बसते ती बाहुली, तीही उजेडात आकसलेली. सुश्रुताचा मसूर आकारमानाचा आहे, रूफसचा घडणीचा. एकाला ‘केवढी’ सांगायचे होते, दुसऱ्याला ‘कशी’. शब्द एकच असला तरी प्रश्न दोन होते.

मग दोघांनाही मसूरच का आठवला? कारण मापाची सोयीची वस्तू दोन्हीकडच्या स्वयंपाकघरात तीच होती. संस्कृतात देवीच्या फोडांना ‘मसूरिका’ म्हटले गेले. ग्रीक ‘फाकोस’चा एक अर्थ त्वचेवरचा तीळ असा आहे. लॅटिन ‘लेन्स’वरून त्वचेवरच्या डागांना ‘लेंटिगो’ हे नाव पडले आणि त्वचारोगतज्ज्ञ ते आजही वापरतात. लहान, गोल, चपटे असे काहीही दिसले की मसूर आठवायचा, ही सवय कोणा एका संस्कृतीची मालमत्ता नाही. आकारावरून पडलेली नावे म्हणूनच सर्वांत निरुपद्रवी असतात आणि सर्वांत फसवीही. ती खोटी ठरत नाहीत, पण ती देणाऱ्याला वस्तूचे कार्य कळले होते असेही त्यांवरून ठरत नाही. रूफसला भिंगाचा आकार माहीत होता. ते प्रकाशकिरण वळवते आणि प्रतिमा मागच्या पडद्यावर पडते, हे योहानेस केप्लरने १६०४ साली मांडेपर्यंत दीड हजार वर्षे जायची होती.

२. पाणी, धबधबा, मोती: उपपत्तीवरून आलेली नावे

रोगाच्या नावांची गोष्ट वेगळी आहे. ग्रीक वैद्य मोतीबिंदूला ‘हिपोखिमा’ म्हणत, म्हणजे खाली ओघळून साचलेले. लॅटिनमध्ये त्याचेच ‘सफ्यूजिओ’ झाले. पहिल्या शतकातला केल्सस बाहुली आणि भिंग यांच्यामध्ये एक मोकळी जागा कल्पितो. तिथे दूषित द्रव उतरतो, हळूहळू घट्ट होतो आणि दृष्टीच्या वाटेत आडवा येतो, अशी त्याची मांडणी होती. त्या काळी भिंग हेच दृष्टीचे मुख्य स्थान मानले जाई. भिंगच गढूळ झाले असे मानले असते, तर सुईने ते बाजूला सारल्यावर माणसाला दिसते कसे, याचे उत्तर देता आले नसते. म्हणून दोष भिंगाच्या पुढे कुठेतरी असणे तर्काला आवश्यक होते. या चुकीमागे निष्काळजीपणा नव्हता. हाती असलेल्या गृहीतकांतून तीच सरळ निघत होती.

अरबी वैद्यांनी हाच विचार ‘डोळ्यात उतरणारे पाणी’ अशा शब्दांत पुढे नेला. अकराव्या शतकात कॉन्स्टंटाइन आफ्रिकानसने अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणले आणि रोगाला ‘कॅटॅरॅक्टा’ हे नाव रूढ करण्याचे श्रेय सहसा त्यालाच दिले जाते. या शब्दाच्या मुळाशी वरून जोरात खाली कोसळण्याची कल्पना आहे. त्याचा एक अर्थ धबधबा आणि दुसरा किल्ल्याच्या दरवाजात वरून खाली सोडली जाणारी जाळी. कोणत्या अर्थाने तो डोळ्यात आला यावर शब्दकोशकारांचे एकमत नाही. धबधबा धरला तर ‘उतरणारे पाणी’ थेट भाषांतरित होते; जाळी धरली तर वाट बंद होण्याची कल्पना पुढे येते. दोन्ही अर्थ एकाच उपपत्तीतून निघतात: काहीतरी वरून आले आणि आड आले.

फारसीत मोतीबिंदूला ‘आब-ए-मरवारीद’ म्हणतात, म्हणजे मोत्याचे पाणी. मराठी ‘मोतीबिंदू’तला मोती पांढुरक्या चमकेचा आहे, तेव्हा तेवढा भाग नजरेने टिपलेला. ‘बिंदू’ हा शब्द आज मराठी माणसाला ठिपक्यासारखा ऐकू येतो. संस्कृतात तो थेंबही आहे. शेजारी फारसीतले पाणी ठेवून पाहिले तर थेंबाचा अर्थ अधिक जवळचा वाटतो. तसे असेल तर द्रवाची ती जुनी उपपत्ती मराठीच्या रोजच्या बोलण्यात बिनबोभाट जिवंत आहे.

उपपत्ती कोसळली ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. येनाच्या वेर्नर रोल्फिंकने १६५६ साली शवविच्छेदनात गढूळ झालेले भिंगच दाखवले होते, पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १७०५ साली फ्रेंच वैद्य मिशेल ब्रिसो याने मोतीबिंदू असलेल्या मृत सैनिकाच्या डोळ्यावर नेहमीप्रमाणे सुई चालवली आणि नंतर डोळा उघडून पाहिला. सुईने खाली ढकलला गेला होता तो साचलेला द्रव नव्हता, ते खुद्द नेत्रभिंग होते. पॅरिसची विज्ञान अकादमी आधी हे मानायला तयार नव्हती. १७०७ साली आंत्वान मेत्र-जां याच्या ग्रंथाने तेच स्वतंत्रपणे मांडले आणि काही वर्षांत विरोध मावळला. भिंगच गढूळ होते हे पटल्यावर ते ढकलण्याऐवजी बाहेर काढण्याचा विचार शक्य झाला, आणि झाक दाव्हिएलने आपल्या पद्धतीचा वृत्तांत १७५३ साली प्रसिद्ध केला. ‘कॅटॅरॅक्ट’ हे नाव मात्र कोणी बदलले नाही.

३. शलाका आणि काउचिंग: हातावरून आलेली नावे

आयुर्वेदात डोळे, कान, नाक आणि घसा यांच्या शाखेला ‘शालाक्यतंत्र’ म्हणतात. ते नाव शलाकेवरून, म्हणजे बारीक सळईवरून आले आहे. एका संपूर्ण विद्याशाखेने हत्याराचे नाव घ्यावे, हे त्या काळात हाताच्या कामाला असलेल्या वजनाचे चिन्ह आहे. कफज लिंगनाशावरचे, म्हणजे कफामुळे आलेल्या मानल्या गेलेल्या मोतीबिंदूवरचे, वेधन सुश्रुतसंहितेत ज्या बारकाईने येते ती बारकाई करणाऱ्याचीच आहे: शलाकेचे टोक जवाच्या आकाराचे हवे, डाव्या डोळ्यासाठी उजवा हात आणि उजव्यासाठी डावा, वेध बाहेरच्या बाजूने घ्यायचा, शिरा टाळून, फार थंडीत किंवा फार उन्हाळ्यात करायचे नाही, वेध बरोबर लागला तर थेंबभर पाणी येते आणि बारीक आवाज होतो, नंतर डोळ्यावर स्तनदुग्ध शिंपडायचे. पुढे रुग्णाला एक नाकपुडी दाबून जोराने शिंकरायला सांगितले आहे, म्हणजे दृष्टीतला कफ निघून जावा. शेवटची सूचना उपपत्तीची, बाकीच्या सगळ्या हाताच्या. वाचणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो.

युरोपात हीच क्रिया ‘काउचिंग’ म्हणून ओळखली जाते, फ्रेंच ‘कुशे’वरून, म्हणजे आडवे करणे, निजवणे. सुईच्या टोकाने अडथळा खाली निजवायचा. तो अडथळा द्रव आहे, कफ आहे की भिंग, यावर हे नाव मौन पाळते, आणि त्यामुळेच १७०५ च्या उलथापालथीत त्याला धक्का लागला नाही. आधुनिक काळातला ‘कॅप्सुलोऱ्हेक्सिस’ याच जातीचा आहे. ‘ऱ्हेक्सिस’ म्हणजे फाडणे. फेको करताना बुबुळाच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरची चीर घेतात, आत दाट पारदर्शक जेल सोडतात, मग भिंगाच्या पुढच्या आवरणाचा कोपरा चिमट्याने पकडून तो गोल फिरवत पाच-साडेपाच मिलिमीटरचे वर्तुळ फाडून काढतात. कापले तर कडेला दाते राहतात आणि ताण आला की आवरण उसवत जाते. सलग फाडले तर कड गुळगुळीत राहून ताण सोसते. नावातला ‘फाडणे’ हा शब्द म्हणूनच अचूक आहे.

‘इमल्सिफिकेशन’ वरवर या वर्गात बसते, बारकाईने पाहिले तर बसत नाही. इमल्शन म्हणजे एका द्रवात न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रवाचे बारीक थेंब पसरणे. दूध हे त्याचे मूळ उदाहरण. फेकोच्या हँडपीसमध्ये विद्युत प्रवाहाने कंप पावणारे स्फटिक असतात आणि त्यांना जोडलेली टायटॅनियमची पोकळ सुई सेकंदाला साधारण ४०,००० वेळा मागेपुढे होते. ती भिंगाचा घट्ट गाभा ठोकून फोडते, आणि तिच्या टोकाशी द्रवात बुडबुडे फुटतात त्यांचा मारही त्यावर बसतो. फुटलेला चुरा त्याच पोकळीतून शोषला जातो. घन पदार्थाचा चुरा पाण्यात तरंगला म्हणून त्याला काटेकोर अर्थाने इमल्शन म्हणता येत नाही. क्रियेचे वाटणारे हे नाव खरे तर क्रियेच्या परिणामाविषयीचा एक अंदाज आहे. नावात उपपत्ती शिरण्याच्या नियमातून १९६७ सालचा शब्दही सुटला नाही.

४. ऑपरेशन यशस्वी, म्हणून उपपत्ती खरी?

यावर पहिला आक्षेप असा येतो: सुईने मोतीबिंदू सारून लोकांना दिसू लागत होते, म्हणजे त्यामागची समज बरोबर असलीच पाहिजे; नावांतली उपपत्ती कालबाह्य ठरवणे हा आजचा अहंकार आहे.

आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. दिसू लागत होते. कारण डोळ्याची एकूण वक्रीकरणशक्ती साधारण ६० डायॉप्टर असते आणि त्यातली सुमारे ४३ एकट्या पारपटलाची (कॉर्नियाची). भिंग वाटेतून गेले तरी दोनतृतीयांशाहून अधिक शक्ती शिल्लक राहते. जवळजवळ अंधत्वाच्या जागी अंधुक पण उजळ जग येते, माणूस वाट ओळखतो, तोंडे ओळखतो. उरलेली उणीव पुढे अधिक दहा-बारा नंबरच्या जाड चष्म्याने भरून काढली जाई. हे यश सुश्रुताच्या कफालाही पुरावा देत होते आणि केल्ससच्या ओघळलेल्या द्रवालाही. एकच परिणाम दोन विसंगत उपपत्तींना सारखाच पाठिंबा देत असेल, तर त्यातून त्यांपैकी एकही सिद्ध होत नाही. शस्त्रक्रिया हाताच्या कौशल्यावर आणि डोळ्याच्या रचनेवर यशस्वी झाली, समजुतीवर नव्हे.

अपयशाचाही हिशोब द्यावा लागतो. ढकललेले भिंग डोळ्यातच राहते. जंतुसंसर्ग, दाह, आतला दाब वाढणे यांमुळे काही काळाने दृष्टी कायमची जाई. मद्रासमध्ये काम केलेल्या रॉबर्ट हेन्री एलियट यांनी भारतातल्या काउचिंगवर १९१७ साली पुस्तक लिहिले, ते मुख्यतः अशा बिघडलेल्या डोळ्यांच्या अभ्यासावर उभे होते. फिरता वैद्य गाव सोडून गेल्यानंतर बिघडलेले डोळे त्याच्या नावावर कधीच जमा होत नसत, हे त्या पद्धतीच्या कीर्तीचे एक कारण होते. सुश्रुताच्या बारकाईबद्दलचा आदर याने कमी होत नाही. तो आदर शलाकेला द्यायचा आहे.

५. काच एका रोगातून दुसऱ्यात

उपपत्तीची नावे केवळ जुनी होत नाहीत, ती घरही बदलतात. ग्रीक ‘ग्लॉकोस’ म्हणजे निळसर-करडा. ‘ग्लॉकोमा’ हे नाव प्राचीन वैद्य भिंगाच्याच विकाराला देत. ‘हिपोखिमा’ सुईने बरा होणारा आणि ‘ग्लॉकोमा’ असाध्य, अशी वाटणी होती. अठराव्या शतकात भिंगाचा गढूळपणा ‘कॅटॅरॅक्ट’कडे गेला आणि ‘ग्लॉकोमा’ बेघर झाला. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५१ साली डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जाहीर केल्यानंतर, दृष्टिचेतेचे (ऑप्टिक नर्व्हचे) नुकसान दिसू लागले आणि ते नाव वाढलेल्या दाबाशी जोडलेल्या रोगावर स्थिरावले. निळसर रंगाचा त्याच्याशी संबंध जवळजवळ उरला नाही.

मराठीत असाच प्रवास ‘काच’ या शब्दाने केला आहे. आयुर्वेदात, विशेषतः वाग्भटाच्या मांडणीत, तिमिर, काच आणि लिंगनाश या एकाच विकाराच्या चढत्या पायऱ्या आहेत. म्हणजे ‘काच’ हा आजच्या मोतीबिंदूच्या वाटेवरचा टप्पा ठरतो. मराठी ‘काचबिंदू’ मात्र ग्लॉकोमा आहे. त्यात काच नाही आणि बिंदूही नाही. तो ‘मोतीबिंदू’ला जोड म्हणून घडला असावा. जुन्या ग्रंथातला ‘काच’ आजच्या अर्थाने वाचणारा एका रोगाचे उपचार दुसऱ्याला लावून मोकळा होतो. आणि हे दोन रोग सारखे नाहीत: एकात दृष्टी ऑपरेशनने परत येते, दुसऱ्यात गेलेली दृष्टी परत आणता येत नाही, फक्त उरलेली राखता येते.

६. ‘पिकू द्या, मग काढू’

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. डॉक्टर व्याख्येवर चालतात, व्युत्पत्तीवर नाही; मग हा सगळा खटाटोप कशासाठी? डॉक्टरांपुरते हे खरे आहे. रुग्ण मात्र शब्दांवर चालतो. ‘मोतीबिंदू अजून पिकलेला नाही, पिकला की काढू’ हे वाक्य मराठी घरात कोणीही कोणालाही सांगते. पिकण्याची कल्पना केल्ससच्या काळची आहे. द्रव पुरेसा घट्ट झाला नाही तर सुईने ढकलता येत नाही, म्हणून थांबायचे. पुढे भिंग अखंड बाहेर काढण्याच्या काळातही थांबण्याला काही अर्थ होता. फेकोत गणित उलटे होते. गाभा जितका कडक, तितका अल्ट्रासाउंड जास्त वेळ चालवावा लागतो आणि पारपटलाच्या आतल्या पेशींना तितकी इजा पोहोचते. या पेशी मेल्या की पुन्हा वाढत नाहीत. फार पिकलेला मोतीबिंदू फुगून दाबही वाढवू शकतो. एका बाद झालेल्या तंत्राचा नियम ‘पिकणे’ या क्रियापदात बसून राहिला आहे आणि रुग्ण त्याप्रमाणे वर्षवर्ष थांबतो.

‘लेझरने मोतीबिंदू काढला’ हे वाक्यही असेच. फेकोत लेझर नसतो, ध्वनिकंपने असतात. टाके नाहीत, पट्टी नाही, तासाभरात घरी, म्हणून ते लेझरच असणार, असा लोकांचा कयास. गेल्या काही वर्षांत फेम्टोसेकंद लेझर आला आहे. तो चीर घेणे, आवरण गोल कापणे आणि भिंगाचे तुकडे करणे ही कामे करतो. तुकडे काढायला बहुतेक वेळा फेकोचेच यंत्र लागते.

लेझरचा खरा उपयोग पुष्कळदा नंतर होतो. नवे भिंग मागच्या नैसर्गिक आवरणात बसवलेले असते आणि काही महिन्यांनी वा वर्षांनी ते आवरण धुरकट होऊ शकते. याला ‘दुसरा मोतीबिंदू’ म्हणतात. भिंगच काढून टाकलेले असल्यामुळे हे नाव चुकीचे आहे; मोतीबिंदू दुसऱ्यांदा होत नाही. रुग्ण ‘मागे पडदा आलाय’ म्हणतात, तेच रचनेच्या दृष्टीने बरोबर. वाटेत खरोखरच एक पातळ पडदा आलेला असतो आणि याग लेझरने काही मिनिटांत, ओपीडीत बसल्या बसल्या, त्याला मधोमध भोक पाडले जाते.